बेनिडॉर्म, सुट्टी आणि गाणी

बेनिडॉर्मला सुट्टीला गेलो होतो असं इंग्लंडमध्ये कुणाला सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठराविक हसू येतं. "अच्छा, बेनिडॉर्म!" त्या एका 'अच्छा'त सगळं येतं. उंचच उंच इमारती, उन्हात भाजून लाल झालेली माणसं, सकाळी दहा वाजता बिअर, आणि रात्री हॉटेलच्या हॉलमध्ये चमचमतं जाकीट घालून नील डायमंडची गाणी म्हणणारा कुणीतरी. ऑफिसातले लोक टस्कनीला जातात, प्रोव्हान्सला जातात. आम्ही आजवर तीनदा बेनिडॉर्मला गेलो. पहिल्या दोन वेळा मुलं लहान होती आणि पैसे बेताचे होते. तिसऱ्या वेळी दोन्ही कारणं उरली नव्हती, तरी गेलो. म्हणजे आवडतं म्हणूनच गेलो, हे मान्य करायला हवं.

या वेळचे फोटो पाठवल्यावर दादाचा फोन आला. (दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. हा ब्लॉग तो नियमित वाचतो, प्रतिक्रिया मात्र फोनवरच देतो.) म्हणाला, "स्पेनला जाऊन फ्लामेंको ऐकला नाहीस? इंग्रज गायकांची इंग्रजी गाणी ऐकायला स्पेनपर्यंत कशाला जायचं? नक्कल ती नक्कलच."

फोनवर मी हसून सोडून दिलं. पण 'नक्कल' हा शब्द काही डोक्यातून जाईना. मग पुस्तकं चाळली, जुने माहितीपट बघितले, तिथल्या लोकांशी झालेल्या गप्पा आठवल्या, आणि लक्षात आलं की दादाच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. म्हणून हा लेख. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे फ्लामेंको हे आंदालुसियाचं संगीत, दक्षिणेकडचं. बेनिडॉर्म आहे पूर्व किनाऱ्यावर, आलिकांते प्रांतात, आणि तिथली जुनी भाषा वालेन्सियन. तिथलं आपलं म्हणावं असं संगीत म्हणजे दोल्साइना आणि छोटा ढोल. दोल्साइना हे दुहेरी पातीचं फुंकून वाजवायचं वाद्य, सरळ सरळ आपल्या सनईचं भावंड. डोळे मिटून ऐकलं तर देवळातला चौघडाच आठवतो. दुसरं म्हणजे गावोगावचे पितळी वाद्यांचे बँड. वालेन्सियाच्या मुलखात लहानशा गावालासुद्धा स्वतःची संगीतसंस्था असते, तिथे पोरं शिकतात आणि मग गावच्या मिरवणुकीत वाजवतात. १६ जुलैला, कार्मेन मातेच्या सणाला, स्पेनच्या किनाऱ्यांवर मूर्ती होडीत बसवून समुद्रात नेतात आणि धक्क्यावर बँड वाजत असतो. कोळ्यांचाच सण तो.

मग पर्यटकाला फ्लामेंकोच का आठवतो? कारण त्याला तो तसा विकला गेला. १९६० च्या दशकात स्पेनच्या पर्यटन खात्याने 'स्पेन इज डिफरंट' ही घोषणा जगभर नेली आणि तिच्याबरोबर ठिपक्यांचे झगे, कास्टनेट आणि बैलझुंजी साऱ्या किनाऱ्यावर पसरल्या, अगदी कातालोनियातसुद्धा, जिथे हे सगळं तितकंच पाहुणं. म्हणजे बेनिडॉर्मला दादाच्या आग्रहाखातर फ्लामेंको ऐकला असता, तर ती नक्कलच ठरली असती!

आता गावाकडे वळू. १९५० च्या सुमाराला बेनिडॉर्म म्हणजे जेमतेम तीन हजार वस्तीचं कोळ्यांचं आणि खलाशांचं गाव होतं. दोन बाजूंना दोन लांबलचक पुळणी, लेवांते आणि पोनिएंते, मध्ये समुद्रात घुसलेलं खडकाचं टोक, आणि त्यावर निळ्या घुमटाचं चर्च. इथले पुरुष ट्यूना मासा पकडण्याच्या मोठाल्या मांडलेल्या जाळ्यांवर काम करण्यात वाकबगार. दूरदूरच्या किनाऱ्यांवर त्या जाळ्यांचे म्होरके म्हणून बेनिडॉर्मची माणसं जात. पण तो धंदा बसत चालला होता. अशा वेळी पेद्रो सारागोसा नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण महापौर झाला. निवडून नव्हे, नेमणूक होऊन. फ्रँकोची हुकूमशाही होती ती.

या सारागोसाची एक गोष्ट बेनिडॉर्ममध्ये कुणीही सांगतं. त्याच्या नगरपालिकेने किनाऱ्यावर बिकिनी चालवून घेतली. त्या काळच्या स्पेनमध्ये हे भयंकरच. आर्चबिशपकडून धर्मबहिष्काराची भाषा सुरू झाली. तेव्हा हा माणूस पहाटे आपल्या व्हेस्पावर बसला, थेट माद्रिदला फ्रँकोच्या भेटीला गेला, आणि तेलाचे डाग पडलेल्या विजारीनिशी त्याच्यासमोर उभा राहिला. फ्रँकोने ऐकून घेतलं, बिकिनी राहिली. सारागोसा ही गोष्ट २००८ मध्ये वारला तोवर मोठ्या चवीने सांगत असे, त्यामुळे तिला थोडं तिखटमीठ लागलं असेलच. पण मुद्दा खराच आहे. बिकिनी राहिली, आणि तिच्यामागून पाहुणे आले.

१९५६ मध्ये गावाचा आराखडा तयार झाला. पुढे इमारतींच्या उंचीवरचं बंधन उठलं आणि गाव आडवं पसरण्याऐवजी उभं वाढलं. लोक या इमारतींना नावं ठेवतात. मला मात्र ते शहाणपणाचं वाटतं. किनारपट्टीचे शेकडो किलोमीटर बंगल्यांनी खाऊन टाकण्यापेक्षा माणसं एका जागी रचून ठेवली, आणि सगळ्यांना दहा मिनिटांत चालत समुद्र गाठता येतो. २००२ मध्ये उघडलेलं ग्रान होटेल बाली १८६ मीटर उंच आहे. तीन हजारांच्या गावाची आज सत्तर हजारांवर वस्ती झालीय, आणि उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी पट. अर्थात ही माणसं पाणीही पितात. १९७८ च्या दुष्काळात बेनिडॉर्मला जहाजांनी पाणी आणावं लागलं होतं.

या सगळ्यात १९५९ हे साल फार महत्त्वाचं. स्पेनची तिजोरी रिकामी झाली होती. परकीय चलन जवळजवळ संपलं होतं. त्या वर्षी सरकारने अर्थव्यवस्था सावरायची योजना आणली, पेसेटाचं अवमूल्यन करून डॉलरला ६० पेसेटा असा भाव ठरवला, आणि पश्चिम युरोपातल्या पाहुण्यांसाठी व्हिसाची कटकटही त्याच सुमाराला संपली. एका रात्रीत स्पेन स्वस्त झाला. १९६० मध्ये साधारण साठ लाख पाहुणे आले, १९७३ मध्ये तीन कोटी चाळीस लाखांच्या आसपास.

आणि त्याच १९५९ मध्ये बेनिडॉर्मला पहिला गाण्यांचा महोत्सव झाला.

इटलीत सानरेमोचा महोत्सव गाजत होता, त्याच्या धर्तीवर. गावाचं नाव रेडिओवरून घराघरांत जावं, हा सारागोसाचा हेतू. महोत्सव भरवला तो फ्रँकोच्या राजवटीच्या मालकीच्या रेडिओ साखळीने. म्हणजे बघा, समुद्रकिनारी गाणं वाजतंय, पण ते कोणी वाजवावं, कोणते शब्द चालतील, हे सगळं सेन्सॉरच्या कचेरीतून पार होऊन येतंय. पहिल्या वर्षी जिंकलेलं गाणं होतं 'उन तेलेग्रामा', आणि ते गाजवलं मोना बेल या गायिकेने. ती चिलीची! 'स्पॅनिश गाण्याचा महोत्सव' म्हणून भरवलेल्या कार्यक्रमाची पहिली तारका अटलांटिकच्या पलीकडून आलेली. दादा, ऐकतोयस ना?

१९६२ मध्ये राफाएल जिंकला, जो पुढे स्पेनचा केवढा मोठा गायक झाला. आणि १९६८ मध्ये, बैलझुंजीच्या मैदानात, चोवीस वर्षांच्या एका पोराने स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. हा आधी रेआल माद्रिदच्या तरुणांच्या संघात गोलकीपर होता. मोटारीच्या अपघातात कमरेखालचा भाग जवळजवळ निकामी झाला, महिनोनमहिने अंथरुणात काढले, आणि हॉस्पिटलमध्ये एका कर्मचाऱ्याने करमणुकीसाठी हातात गिटार दिली. गाण्याचं नाव 'ला विदा सिगे इग्वाल', म्हणजे 'आयुष्य तसंच चालू राहतं'. तो पोरगा हुलिओ इग्लेसियास. आमच्या पिढीतल्या बऱ्याच मावश्या-काकूंना कॅसेटच्या कव्हरवरचा त्याचा फोटो आठवत असेल. :-)

त्याच १९६८ च्या जुलै महिन्यात मायोर्का बेटावर, पाल्मा शहरात, सार्जंट पेपर्स नावाच्या क्लबमध्ये जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला. एका किनाऱ्यावर सरकारी महोत्सवातलं गोड गाणं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर हेंड्रिक्स, दोन्ही एकाच हुकूमशाहीत आणि एकाच महिन्यात. आणि त्याच्या तीनच महिने आधी युरोव्हिजनसाठी निवडलेल्या जोआन मानुएल सेर्रातने "मी कातालानमध्ये गाणार" असा आग्रह धरला, म्हणून त्याला काढून मासिएलला पाठवलं होतं. ती लंडनहून जिंकून आली. परक्याने इंग्रजीत किंचाळलेलं चालत होतं, घरच्या मुलाने घरच्या भाषेत गायलेलं चालत नव्हतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्यटनाने स्पेन मोकळा झाला असं सर्रास म्हणतात. सारागोसाही म्हणायचा. पण ते अर्धंच खरं. पाहुण्यांच्या पैशांवर राजवट आणखी पंधरा-सोळा वर्षं तगली, १९७५ मध्ये फ्रँको बिछान्यातच वारला. उलट बाजूने, हॉटेलात वाढपी म्हणून काम करणाऱ्या गावच्या पोरांच्या कानांवर पडलेली गाणी काही सेन्सॉरला पुसता आली नाहीत. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना रोज रात्री वाजवणारे हवे होते. त्यामुळे शेकडो वादकांना काम मिळालं आणि रोज वाजवून वाजवून हात बसला. मायोर्कात वाजवणारा एक गट आणि माद्रिदचा एक गट एकत्र येऊन 'लोस ब्राव्होस' तयार झाला. १९६६ मध्ये त्यांचं 'ब्लॅक इज ब्लॅक' इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यांचा गायक जर्मन होता. स्पॅनिश गट, जर्मन गायक, इंग्रजी गाणं. अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली, सांगा आता.

आता इंग्रजांकडे येऊ, कारण चमचमतं जाकीट तिकडूनच आलं.

लँकशरच्या कापडगिरण्यांत एक पद्धत होती. प्रत्येक गिरणीगाव वर्षातून एक आठवडा पूर्ण बंद राहायचं, आणि अख्खं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर जायचं. शेजारी तेच, फक्त समुद्र नवा. तिथे दिवसा वाळू आणि पाऊस, रात्री कार्यक्रम. ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये रेजिनल्ड डिक्सन नावाचा ऑर्गनवादक १९३० पासून १९७० पर्यंत वाजवत होता. चाळीस वर्षं! आई, बाप, आजी, पोरं, सगळे एकाच हॉलमध्ये. मुलांना झोपवून मोठ्यांनी बाहेर जायचं ही चालच नव्हती. कुटुंबाची सुट्टी आणि जिवंत संगीत यांची गाठ तिथे पडली.

मग १९५० च्या मे महिन्यात व्लादिमिर राइट्झ नावाच्या, मॉस्कोत जन्मलेल्या, रॉयटर्समध्ये काम केलेल्या माणसाने गॅटविकहून एक विमान कॉर्सिकातल्या काल्व्हीला नेलं. विमानप्रवास, तंबूत मुक्काम आणि जेवण मिळून ३२ पाउंड १० शिलिंग. सरकारने पहिल्या वर्षी परवानगी दिली ती फक्त शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी. ही पॅकेज टूरची सुरुवात. दहा-पंधरा वर्षांत ती स्पेनच्या किनाऱ्यावर धो धो वाहू लागली. गंमत म्हणजे १९६६ ते १९७० या काळात ब्रिटिश सरकारने माणशी फक्त ५० पाउंड परदेशी खर्चाला न्यायची मर्यादा घातली होती. त्याचा फायदा पॅकेजवाल्यांनाच झाला, कारण राहणं-जेवण-विमान सगळ्याचे पैसे घरीच भरून झालेले असत. हॉटेलचा करमणुकीचा कार्यक्रमही त्यातच. खिशात पैसे कमी, मग संध्याकाळी बाहेर कशाला जा? खाली हॉलमध्ये कुणीतरी ऑर्गन वाजवतंयच की.

हे सगळं सुरळीत चाललं असं नाही. १५ ऑगस्ट १९७४ ला कोर्ट लाइन ही कंपनी बुडाली, आणि तिच्याबरोबर क्लार्कसन्स. ऐन हंगामात हजारो कुटुंबं परदेशात अडकली. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये 'ई व्हिवा एस्पान्या' हे गाणं सगळीकडे वाजत होतं. स्पेनच्या सुट्टीचं राष्ट्रगीतच म्हणा ना. पण ते स्पॅनिश नाही! १९७१ मध्ये बेल्जियममध्ये तयार झालं, लिओ कार्ट्स आणि लिओ रोझेनस्ट्राटन या दोघा बेल्जियन माणसांनी केलं. इंग्लंडमध्ये गाजवलं सिल्व्हिया या स्वीडिश गायिकेने. मानोलो एस्कोबारने ते स्पॅनिशमध्ये म्हटलं आणि स्पॅनिश लोकांनी ते इतकं आपलं मानलं की आज फुटबॉलच्या सामन्यात तेच गातात.

त्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट झाली. उत्तरेकडच्या कामगारांच्या क्लबांत दर शनिवारी गायक, विनोदवीर, जादूगार यांचे कार्यक्रम होत. यॉर्कशरमधल्या बॅटली या छोट्या गावात १९६७ मध्ये असा एक मोठा क्लब निघाला होता, तिथे १९६८ मध्ये चक्क लुई आर्मस्ट्राँग येऊन गेला. १९७८ मध्ये तो बंद पडला. खाणी गेल्या, गिरण्या गेल्या, क्लब ओस पडले. मग तिथे गाणाऱ्यांनी काय करायचं? त्यांचे श्रोते जिथे दोन आठवडे जात, तिथे तेही गेले आणि तिथेच राहिले. बेनिडॉर्मच्या हॉटेलात आज जे ऐकू येतं ती त्या क्लबांची मागे उरलेली परंपरा आहे. इंग्लंडमध्ये ती जवळजवळ संपली, स्पेनच्या उन्हात तगली.

२००८ मध्ये आम्ही आईला घेऊन गेलो होतो. तेव्हा ती सत्तरीची होती. इंग्रजी जुजबी, गाणी एकही ओळखीचं नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये पन्नाशीचा एक गायक आणि कीबोर्ड वाजवणारी त्याची बायको, असा कार्यक्रम होता. धाकटा दोन खुर्च्या जोडून झोपला होता. आई एक तास ताठ बसून ऐकत होती. मग माझ्या कानात म्हणाली, "याचा गळा बसलाय, पण सूर सोडत नाही बघ. आणि ती बाई त्याच्याकडे न बघता त्याला सांभाळून घेतेय. बरीच वर्षं एकत्र वाजवत असणार." आई भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवायची, तिला हे बरोबर दिसतं. मी तोवर फक्त जाकीट बघत होते.

मध्यंतरात तो बाहेर हवा खायला आला तेव्हा बोलणं झालं. लिव्हरपूलकडचा. एका रात्रीत तीन हॉटेलं करायचा. पावणेनऊला एक, साडेदहाला दुसरं, बाराला तिसरं, मध्ये छोट्या गाडीत स्पीकर चढवायचे-उतरवायचे. पैसे कार्यक्रमागणिक, आजारी पडलं की शून्य. भिंतीवरची एक पेटी त्याने दाखवली. आवाज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ही पेटी सगळी वीजच तोडते. "त्यामुळे शेवटच्या सुरावर जोर देता येत नाही," तो म्हणाला, "सतरा वर्षं मी शेवटचा सूर हळूच सोडतोय." (आईला हे भाषांतर करून सांगितलं. तिला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्यासाठी घरून नेलेल्या चकल्या पाठवल्या.)

तिसऱ्या खेपेला, २०२३ मध्ये, तो दिसला नाही. त्या हॉटेलात आता तयार ट्रॅकवर गाणारी एक मुलगी होती, आवाज सुरेख, पण मागे माणूस नाही. चौकशी केली तेव्हा बारवाल्याने सांगितलं की ते दोघं परत गेले. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवर जाऊन हंगामभर काम करणं पहिल्यासारखं सोपं राहिलं नाही. त्याआधीच स्पेनचे कागद केलेले लोक राहिले, बाकीच्यांना नव्वद दिवसांचा हिशेब आला. त्यात २०२० च्या उन्हाळ्यात कोविडमुळे सगळे हॉल बंद. दोन्ही एकदम आलं. ज्या प्रकारच्या गाण्याला आपण हसतो ते असं गुपचूप कमी होतं, आणि त्याची बातमीही होत नाही.

हे झालं पाहुण्यांचं. पण स्पॅनिश कुटुंबंही सुट्टीला किनाऱ्यावरच जातात, हे आपण विसरतो. १९५७ मध्ये सीट ६०० ही इवलीशी मोटार आली, आणि टपावर गाद्या-सुटकेसा बांधून माद्रिदची कुटुंबं समुद्राकडे निघाली. बायको-मुलं महिनाभर किनाऱ्यावर आणि नवरा शहरात नोकरीवर, शनिवार-रविवारी भेटीला. अशा एकट्या राहिलेल्या नवऱ्याला स्पॅनिशमध्ये अजूनही 'रॉद्रिगेस' म्हणतात. ऑक्टोबर १९८१ पासून तिथल्या दूरदर्शनवर 'वेरानो आझुल' ही मालिका आली. नेर्हा या गावी सुट्टीला आलेली मुलं आणि चांकेते नावाचा म्हातारा खलाशी. त्या म्हाताऱ्याच्या मरणाने अख्खा स्पेन रडला होता. शेवटच्या भागात उन्हाळा संपल्याचं दुओ दिनामिको या जोडीचं १९६० च्या दशकातलं गाणं वाजतं. आज चाळिशी-पन्नाशीतल्या कुठल्याही स्पॅनिश माणसापुढे त्या मालिकेची शीळ घाला, चेहरा बघा.

या कुटुंबांचं जिवंत संगीत म्हणजे वेरबेना. गावच्या सणाला चौकात मंच बांधतात, नगरपालिका किंवा सणाची समिती पैसे देते, आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रासारखा ताफा येतो. गायक, ट्रम्पेट, दिवे, सगळा सरंजाम ट्रकमधून. सुरू होतं ते रात्री अकरा-बाराला! आधी आजी-आजोबांसाठी पासोदोब्ले, मग कुम्बिया, मग पोरांसाठी त्या उन्हाळ्याचं गाजलेलं गाणं. 'उन्हाळ्याचं गाणं' ही तिथे एक वेगळी जातच आहे. जॉर्जी डान त्याचा बादशहा, २०२१ मध्ये वारला. तो जन्माने फ्रेंच. (आता मी काही बोलत नाही, दादा.)

बेनिडॉर्मपासून तासभर दक्षिणेला तोर्रेविएहा आहे, मिठागरांचं गाव. तिथून मीठ भरून गलबतं क्यूबाला जात, आणि येताना खलाशी हबानेरा गाणी घेऊन येत. हबानेरा म्हणजे हवानाची. झुलता, मंद ठेका, निरोपाची आणि वाट बघण्याची गाणी. १९५५ पासून तिथे या गाण्यांचा स्पर्धा-महोत्सव भरतो, जिथे पूर्वी मीठ भरत त्याच जागी, उघड्यावर, रात्री, जगभरचे समूहगायक येतात. आम्ही २०१२ मध्ये एका रात्री बसने गेलो होतो. पुढच्या रांगेत एक आजोबा होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी या सगळ्या प्रवासांत ऐकलेलं सगळ्यात सुंदर संगीत तेच. आणि तेही क्यूबातून आलेलं, समुद्रावरून गेलेलं आणि परतलेलं.

एक महाराष्ट्राचा धागाही सांगून टाकते. २९ मे १९८७ ला इबिझा बेटावरच्या 'कू' या प्रचंड नाइटक्लबमध्ये फ्रेडी मर्क्युरी आणि मोन्सेरात काबायी यांनी 'बार्सेलोना' सादर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने एक्केचाळिसावा वाढदिवस त्याच बेटावर धुमधडाक्यात केला. या फ्रेडीने, म्हणजे फारूख बुलसाराने, आयुष्यातला पहिला बँड काढला तो पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. नाव 'द हेक्टिक्स'. तिथे तो पियानो वाजवायचा. शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं काय वाजवत? परदेशात गाजलेली रॉक अँड रोलची गाणी. म्हणजे नक्कलच.

बेनिडॉर्मचा जुना महोत्सव रडतखडत चालून २००६ मध्ये संपला. २०२२ मध्ये 'बेनिडॉर्म फेस्ट' या नावाने तो नव्याने उभा राहिला, युरोव्हिजनसाठी गाणं निवडायला. पहिल्याच वर्षी जिंकलेली चानेल युरोव्हिजनमध्ये तिसरी आली. ती क्यूबात जन्मलेली. पण सगळंच गोड नाही. २०२४ मध्ये स्पेनला सुमारे नऊ कोटी चाळीस लाख पाहुणे आले, आणि त्याच वर्षी २० एप्रिलला कानारी बेटांवर, मग पाल्मात, बार्सेलोनात हजारो स्थानिक लोक रस्त्यावर उतरले. घरभाडी परवडत नाहीत. इबिझात हॉटेलचे कर्मचारी कॅरव्हानमध्ये राहतात. त्यांचा राग मला पूर्ण पटतो, आणि मी त्या नऊ कोटींपैकी एक होण्याचं सोडलेलंही नाही. निदान उभ्या इमारतीतल्या हॉटेलात राहावं, कुणाचं घर भाड्याने अडवू नये, एवढंच मी पाळते.

आत्याने विचारलं आहे की तिला यायचं झालं तर कधी यावं. आत्या, तू फेब्रुवारीत ये. १९८५ पासून स्पेनचं सरकार निवृत्त लोकांना हिवाळ्यात स्वस्तात किनाऱ्यावर पाठवतं, इम्सेर्सो म्हणतात त्या योजनेला, त्यामुळे बेनिडॉर्मची हॉटेलं बारा महिने उघडी असतात. दुपारी ऊन कोवळं असतं. संध्याकाळी हॉलमध्ये ऐंशीच्या आज्या केस नीट करून, बांगड्या-बिंगड्या घालून येतात आणि एकमेकींचे हात धरून पासोदोब्ले नाचतात, कारण आजोबा कमी पडतात. कीबोर्डवाला सहसा तिथलाच असतो, आणि ट्रॅक लावत नाही. चकल्या आणशील तर दोन डबे आण.